रात्री साडेनऊ वाजता त्या रस्त्याने चालून पाहा

प्रश्न : परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या तेवीस वर्षांच्या वाचक मुलीला पुण्यात, खराडीतल्या एका कंपनीत पहिली नोकरी लागली आहे. रुजू व्हायला तीन आठवडे उरले आहेत. ड्युटी दुपारी बारा ते रात्री नऊ, हातात येणारा पगार सव्वीस हजार. पुण्याला ती आजवर दोनदाच, तेही परीक्षेपुरती, येऊन गेली आहे. तिच्याकडे गाडी नाही आणि दुचाकी चालवता येत नाही. वडिलांचे म्हणणे असे की एक तर धायरीला चुलत आत्याकडे राहा, नाहीतर रात्री साडेनऊला गेट बंद करणारे मुलींचे पीजी बघ. मैत्रीण म्हणते, वाघोलीला मोठ्या सोसायटीत अकरा हजारांत वन बीएचके मिळतो आहे, चोवीस तास वॉचमन, सगळीकडे सीसीटीव्ही. शिवाय एका जाहिरातीत तिला खराडीतच नऊ हजारांत सामानासकट फ्लॅट दिसला आहे. त्याचा मालक बाहेरगावी बदलीवर आहे आणि पाच हजार टोकन आजच भरा म्हणून फोन करतो आहे. तिचा प्रश्न : पुण्यात मुलीने एकटे राहण्यासाठी सुरक्षित एरिया कोणता, आणि कर्ज काढून आधी स्कूटी घ्यावी का?

उत्तर :

तुमच्या पत्रातल्या टोकनच्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण तिलाच घाई आहे. ते पाच हजार भरू नका. भाडे आसपासच्या दरापेक्षा बरेच कमी, मालक घर दाखवायला कधीच मोकळा नाही, आपण बदलीवर आहोत हे पटवण्यासाठी न मागता पाठवलेले ओळखपत्र, आणि "दुसरी पार्टी तयार आहे" असा रोजचा तगादा, या चार गोष्टी एकत्र आल्या की ते घर बहुधा फोटोतच असते. पुढची पायरी अशी असते की "तुमचे पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका." यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो, एवढे लक्षात ठेवा. हे उत्तर वाचण्यापूर्वी पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. आणि यापुढचा नियम असा की ज्या घराच्या दाराला तुमचा किंवा तुमच्या माणसाचा हात लागलेला नाही, त्याला एक रुपयाही द्यायचा नाही.

आता मूळ प्रश्न. सुरक्षित एरिया कोणता, असे विचारताना आपण गृहीत धरतो की सुरक्षितता ही एखाद्या उपनगराच्या नावाला चिकटलेली असते. ज्याच्या दाराशी गाडी उभी असते त्याला तसे म्हणून चालते, कारण तो पार्किंगमध्ये बसतो आणि पार्किंगमध्येच उतरतो. तुम्ही मात्र रोज बसथांब्यावर किंवा रिक्षातून उतरणार आणि तिथून दारापर्यंत चालत जाणार, म्हणून तुमच्यासाठी घर थांब्यापाशीच सुरू होते. खराडीचेच उदाहरण घ्या. एकाच पिनकोडात काचेच्या इमारतींचे आयटी पार्क आहेत, जुने गावठाण आहे, चंदननगरची गजबजलेली बाजारपेठ आहे आणि पत्रे ठोकून बंद केलेले, बांधकामाची वाट पाहणारे प्लॉटही आहेत. यांतल्या दोन गल्ल्यांमध्ये दोनशे मीटरचे अंतर असेल, पण रात्री साडेनऊ वाजता एकीत इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री फिरवत उभा असतो आणि दुसरीत फक्त कुत्री असतात.

म्हणून घर पाहायला सकाळी अकराला जाऊ नका. दलालाला अकराच सोयीचे असतात, त्या वेळी प्रत्येक रस्ता निर्धोक दिसतो. तुम्ही परत येणार त्या वेळी, म्हणजे सव्वानऊ ते दहाच्या दरम्यान, थांब्यावर उतरा आणि इमारतीपर्यंत चालत जा. चालताना मोजायच्या गोष्टी साध्या आहेत. किती खांबांवर दिवे लागले आहेत, किती दुकाने उघडी आहेत आणि ती कसली आहेत. मेडिकल, किराणा, पोळीभाजी केंद्र, दूधवाला ही तुमची माणसे समजा, कारण ती रोज त्याच जागी असतात आणि महिनाभरात चेहऱ्याने तुम्हाला ओळखू लागतात. दारूचे दुकान आणि त्याच्या बाहेर उभ्या दुचाक्या असतील तर तेही मनात नोंदवा. एका बाजूला लांबच लांब भिंत किंवा पत्र्यांची रांग असेल तर तिथे अर्ध्यात बाजूला वळायला जागा नसते. पाठीमागे कुणी आले तर पुढेच चालावे लागते. आणि फुटपाथ खरोखर चालण्याजोगा आहे की त्यावर गाड्या लावलेल्या असल्यामुळे तुम्हाला ट्रकच्या बाजूने जावे लागते, तेही पाहा, कारण एकट्या मुलीच्या सुरक्षिततेबद्दल बोलताना आपण नेहमी माणसांचा विचार करतो आणि नगर रोडवरच्या डंपरचा करत नाही.

या मापाने वाघोलीचा फ्लॅट पाहू. वाघोली 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली, तिथल्या नव्या सोसायट्या प्रशस्त आहेत आणि भाडी कमी आहेत, यात तुमच्या मैत्रिणीचे काही चुकलेले नाही. पण वॉचमन आणि सीसीटीव्ही हे गेटच्या आतले असतात, आणि यांतल्या बऱ्याच सोसायट्या मुख्य रस्त्यापासून किलोमीटर-दीड किलोमीटर आत आहेत. तेवढे अंतर रात्री चालणे तुम्हाला जमणार नाही, जमवूही नये. मग रोज रात्री रिक्षा किंवा कॅब आली. एका खेपेला दीडशे ते दोनशे धरले तरी महिन्याच्या बावीस दिवसांचे चार हजारांच्या घरात जातात, म्हणजे तुमचे अकरा हजारांचे घर पंधरा हजारांना पडले, आणि पावसात कॅब मिळाली नाही की ते हिशेबातच राहिले. पाणी टँकरचे असेल तर मेंटेनन्समध्ये त्याचा वाटा किती, हेही विचारावे लागेल. दाराशी गाडी असलेल्या कुटुंबाला ते घर उत्तम आहे. तुम्हाला, आज, नाही.

वडिलांच्या पीजीबद्दल थोडे सावकाश बोलू, कारण त्यांची काळजी खरी आहे आणि मला ती मोडीत काढायची नाही. पण साडेनऊला गेट बंद होणारे घर त्या मुलीसाठी सुरक्षित, जी साडेनऊच्या आत घरी पोचते. तुमची ड्युटीच नऊला सुटते. शेवटचा कॉल दहा मिनिटे लांबला, लिफ्टला रांग लागली, नगर रोड तुंबला, की तुम्ही बंद गेटसमोर उभ्या राहणार, रात्री, रस्त्यावर, वॉर्डनला फोन करत. अशा वेळी मुली नेमके काय करतात ते मी पाहिले आहे : ओरडा खाण्यापेक्षा त्या कुणाच्या तरी ओळखीच्याकडे रात्र काढतात आणि घरी सांगत नाहीत. नियम कडक असणे आणि मुलगी सुरक्षित असणे यांचा संबंध आपण फार पटकन जोडतो. पीजी पाहायचेच असेल तर मालकिणीला दोन प्रश्न विचारा : कंपनीचे पत्र दिले तर रात्री साडेदहापर्यंत प्रवेश मिळेल का, आणि त्यानंतर गेट उघडायला रात्री कोण असते. पहिल्याला नाही आणि दुसऱ्याला "कुणी नाही" असे उत्तर आले, तर आग लागल्यावर आतून बाहेर कसे पडायचे, हा तिसरा प्रश्न विचारायची गरज उरत नाही, उठून या.

याच संदर्भात कंपनीकडूनही एक गोष्ट आधी स्पष्ट करून घ्या. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमतीने ठेवले तर तिच्या सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. तुमची ड्युटी नऊला संपते, म्हणजे कागदावर कंपनी अर्ध्या तासाने सुटली. पण काम लांबून साडेनऊ उलटले तर कॅब मिळेल का, ती दारापर्यंत येते की "कॉमन पॉइंट"पर्यंत, आणि कोणत्या भागांत जाते, हे एचआरला ईमेल करून विचारा. अनेक कंपन्यांच्या गाड्यांना ठरावीक हद्द असते; तुम्ही घर हद्दीबाहेर घेतलेत तर हक्काची गाडी हातची जाईल. हा ईमेल उर्मटपणाचा वाटेल अशी भीती बाळगू नका. एचआरला हे प्रश्न रोज येतात.

आत्याकडे कायम राहणे अवघड आहे. धायरीहून बसने स्वारगेट, तिथून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानक, तिथे गाडी बदलून रामवाडी, आणि रामवाडीपासून पुढे पाच-सहा किलोमीटर बस किंवा रिक्षा, असा हा चार टप्प्यांचा प्रवास आहे. सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून तो पूर्वीइतका असह्य राहिलेला नाही, पण रात्री उलट दिशेने रोज करण्यासारखाही नाही. तरीही माझा सल्ला आहे की पहिले दोन-तीन आठवडे तिथेच जा, आणि जाताना आत्याला तारीख सांगूनच जा : "मला खोली मिळेपर्यंत, फार तर महिनाभर." पाहुण्याने जाण्याची तारीख सांगितली की यजमानाचे मन मोठे होते, हा माझा अनुभव आहे. पहिल्या आठवड्यांत प्रशिक्षण दिवसा असेल तर प्रवासही उजेडातच होईल. एवढ्या दुरून ये-जा जमणार नाही असे वाटले, तर ऑफिसजवळच्या पीजीत एकच महिना, लॉक-इनची (ठरावीक महिने जागा सोडता न येण्याची) अट नसेल तर, काढा. नोकरदार महिलांसाठीची वसतिगृहेही असतात. "सखी निवास" या केंद्राच्या योजनेतली किंवा संस्थांनी चालवलेली. जागा मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आजच करावा.

गावात बसून फोनवर कायमचे घर ठरवायचे नाही, एवढ्यासाठी ही तात्पुरती व्यवस्था. तीन आठवड्यांत तुम्हाला कळेल की ऑफिसातल्या मुली कुठे राहतात, कोणती बस वेळेवर येते आणि कोणती फक्त वेळापत्रकात आहे. मला विचाराल तर तुम्ही चंदननगर, वडगाव शेरी किंवा खराडी गावठाणाच्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून पाच-सात मिनिटांवर, दोघी-तिघींनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये एक जागा शोधावी. जाहिरातीत याला "कॉट बेसिस" म्हणतात. इमारत जुनी असेल, लिफ्ट नसेल, समोर भाजीवाल्याचा आवाज असेल. पण तो आवाज रात्री दहापर्यंत असतो, आणि तोच तुम्हाला हवा आहे. जागा शोधताना ऑफिसातल्या सहकारिणींना विचारणे हे कोणत्याही ॲपपेक्षा बरे, कारण जी मुलगी फ्लॅट सोडते आहे तिला मालकाचा स्वभाव माहीत असतो. तिला एकच विचारा : तू का सोडते आहेस? उत्तर देण्याआधी ती किती वेळ थांबते, तेही ऐका.

आता कागदाबद्दल, कारण सुरक्षित घराची माझी व्याख्या अशी आहे की ज्यातून हवे तेव्हा बाहेर पडता येते ते घर सुरक्षित. तुमचे डिपॉझिटचे चाळीस हजार मालकाकडे अडकलेले असतील आणि हातात कागद नसेल, तर मालकाचा भाऊ वेळी-अवेळी बेल वाजवत असला तरी तुम्ही सहा महिने सहन कराल. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी अशाच एका खोलीत, केवळ डिपॉझिटपायी, चार महिने जास्त राहिले, आणि शेवटी "रंगकाम" म्हणून निम्मी रक्कम कापली गेली तेव्हा दाखवायला माझ्याकडे साधी पावतीही नव्हती. म्हणून नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीचा भाडेकरार, झालाच पाहिजे. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" हे तुम्हाला किमान दोन माणसे ठामपणे सांगतील. महाराष्ट्रात ते चुकीचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते, आणि नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर घर दिले होते याबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शेवटचा भाग मालकाला नम्रपणे सांगून पाहा. नोंदणीची टाळाटाळ पुष्कळदा तिथेच थांबते.

यासाठी आता कचेरीत रांग लावावी लागत नाही. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार आधारच्या आधारे अंगठा देतात, आणि काही दिवसांत नोंदलेला करार ईमेलने येतो. खर्चही फार नाही. दरमहा अठरा हजार भाडे आणि पन्नास हजार डिपॉझिट असलेल्या फ्लॅटला अकरा महिन्यांसाठी मुद्रांक शुल्क, एकूण भाडे आणि डिपॉझिटवर धरलेले व्याज यांच्या 0.25 टक्के या दराने, सुमारे पाचशे रुपये होते, महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार, वर एजंटचे पैसे. तिघींत वाटले तर किरकोळ. करारात तुमचे स्वतःचे नाव असले पाहिजे. "ती मुलगी गेली, तिच्या जागी तू ये, करार तसाच राहू दे" याला हो म्हणू नका. अंगठा देण्यापूर्वी मालकाचे वीजबिल किंवा मिळकत कराची पावती आणि त्याचे ओळखपत्र यांवरचे नाव जुळते का ते पाहा. लॉक-इन किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, रंगकामाचे किती कापणार, आणि मालक घरात येण्यापूर्वी कळवणार का, या चार गोष्टी लिहून घ्या. डिपॉझिट रोख देऊ नका. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणे हेही मालकाचे काम असते. त्यासाठी तुमचा फोटो आणि आधार मागितला तर बिचकू नका, उलट न मागणाऱ्या मालकाबद्दल विचार करा.

घराच्या आत पाहायच्या गोष्टी थोडक्यात सांगते. दाराला आतून चांगली कडी आणि साखळी आहे का, आधीच्या भाडेकरूंकडे किती किल्ल्या आहेत (कुलूप स्वतःच्या खर्चाने बदला, तीन-चारशे रुपयांचे काम आहे), तळमजला असेल तर खिडक्यांना गज आहेत का. आणि बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथे उघडी राहणारी खिडकी आहे का, हे नक्की पाहा. बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि माणूस मदतीला हाक मारण्याआधीच बेशुद्ध होतो. मुलीच्या सुरक्षिततेची चर्चा करणाऱ्या कोणत्याही वडिलांनी हा प्रश्न विचारलेला मी ऐकलेला नाही.

स्कूटीचे म्हणाल तर जरूर शिका, पण गावी शिका, मोकळ्या रस्त्यावर, येत्या तीन आठवड्यांत. शिकाऊ परवाना काढल्यावर पक्क्या परवान्याच्या परीक्षेसाठी किमान तीस दिवस थांबावे लागते, त्यामुळे रुजू होताना तुम्ही कायद्यानेही एकट्याने चालवू शकणार नाही. नवशिक्या हाताने रात्री नगर रोडला लागणे हा धोका चालण्याच्या धोक्यापेक्षा कमी आहे, असे मला वाटत नाही. शिवाय सव्वीस हजारांत भाडे, डबा आणि हप्ता एकत्र आले की पहिला बळी नेहमी रिक्षाच्या पैशांचा जातो, आणि ज्या दिवशी खरोखर उशीर होतो त्या दिवशी ते लागतात. सहा महिने थांबा. तोवर महिन्याला हजार रुपये "उशिराची रिक्षा" म्हणून वेगळे ठेवा.

मुंबई-ठाण्यात घर शोधणाऱ्यांनी बसथांब्याच्या जागी स्टेशन वाचावे. "स्टेशनपासून दहा मिनिटे" ही दलालाची मिनिटे असतात आणि ती पुलावरच्या गर्दीत मोजलेली नसतात. पत्र लिहिणाऱ्या मुलग्यांची तक्रार असते की बॅचलरला घर देत नाहीत, आणि आडनाव, जात, धर्म, खाणे विचारून नकार देणाऱ्या सोसायट्या आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. असा प्रश्न आला तर तो घर पाहायला जाण्याआधी, फोनवरच येऊ द्या. रविवार तरी वाचतो.

शेवटी वडिलांविषयी. तुम्हाला सोडायला ते येणारच आहेत, तर त्यांना रविवारी बोलावू नका. तुम्ही दोन-तीन जागा निवडून ठेवा आणि त्यांना एखाद्या बुधवारी या म्हणा. तुम्ही ड्युटी संपवून निघाल तेव्हा त्यांनी तुम्हाला ऑफिसच्या दारात भेटावे, मग दोघांनी मिळून बस धरावी, थांब्यावर उतरावे आणि बोलत बोलत दारापर्यंत चालावे. पीजीचे गेट, वाघोलीचा आतला रस्ता, चंदननगरची गल्ली, जे मी इथे लिहिले ते त्यांना पायाने कळेल, आणि कदाचित माझ्या नजरेतून सुटलेले एखादे वळण त्यांच्या नजरेला पडेल. मराठवाड्याकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या बहुतेक नगर रोडनेच निघतात. खराडी बायपासला ते गाडीत बसले की त्यांना सीट नंबर विचारून घ्या आणि पोचल्यावर फोन करायला सांगा.